यंदा उसवायला घ्या

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरवली. झाकण उघडलं तसा डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. आतून हाताने विणलेले एकवीस कपडे निघाले, सगळे माझ्याच हातचे. त्यांतले नऊ कुणी धड घातलेच नव्हते. न घातलेला स्वेटर हाताला लगेच कळतो. कोपराशी लोकरीच्या गुठळ्या नसतात, गळपट्टी सैलावलेली नसते, काजं पहिल्या दिवसाइतकी घट्ट असतात. नऊही कपडे पलंगावर मांडले आणि तुळशीचं लग्न झाल्यावर एकेक करून उसवायला घेतले. सात उसवून झाले आहेत.

पहिला विरोध घरातूनच झाला. "अगं, महिना महिना घालवून विणलेस ना हे? आणि आता उसवतेस?" असं आमच्याकडे हे म्हणाले. धाकटी बहीण फोनवर हळहळली, "ताई, राहू दे ना गं. आठवण असते." दोघांचंही बोलणं प्रेमाचंच होतं, आणि घरोघरी हेच बोललं जातं. विणलेलं उसवणं म्हणजे केलेल्या कष्टांवर पाणी सोडणं, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. पन्नास वर्षं विणकाम केल्यावर माझं मत असं झालं आहे की, कष्टांवर पाणी पडतं ते स्वेटर ट्रंकेत जातो त्या दिवशी. उसवल्यावर निदान लोकर तरी मोकळी होते.

हे मी आईकडून शिकले. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला तेव्हा मी पाच वर्षांची होते. हिमालयात लढणाऱ्या जवानांकडे थंडीचे पुरेसे कपडे नाहीत हे कळलं आणि देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. नाशिकच्या आमच्या वाड्यातही दुपारची निवडणं-टिपणं बाजूला ठेवून जिन्याच्या पायऱ्यांवर बायका विणत बसायच्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्याचा वाड्याला केवढा अभिमान! त्याच महिन्यात शस्त्रसंधी झाली. तेव्हा आईच्या सुयांवर एक खाकी स्वेटर अर्धा होता. तिने तो पुरा केला, पण तोवर कपडे गोळा करणारे येऊन गेले होते. वर्षभर तो कपाटात पडून राहिला. वडिलांना मोठा होत होता, शिवाय जवानासाठी विणलेला म्हणून त्याला हात लावायला सगळेच बिचकत होते.

पुढच्या थंडीत आईने तो उसवला. मी पाटावर दोन्ही हात पुढे धरून बसले होते आणि ती माझ्या मनगटांभोवती लोकर गुंडाळत होती. हात खाली आले की फक्त भुवई वर करायची. त्या लोकरीतून भावाचा बिनबाह्यांचा स्वेटर झाला. दोन वर्षांनी तो आखूड झाल्यावर परत उसवून माझे पायमोजे झाले. टाचांना भोकं पडली, रफू झालं, रफूलाही भोकं पडली. आज त्या लोकरीचा एक धागासुद्धा माझ्याकडे नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. एका लोकरीने याहून जास्त काय करायचं असतं?

आता माझ्या नऊ कपड्यांविषयी. ते न घातले जाण्यात घालणाऱ्यांचा दोष फार थोडा होता, हे पलंगावर मांडल्यावर ध्यानात आलं.

बाटली हिरव्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, छातीवर दोन वेण्या काढलेला स्वेटर यांचा. हे सातपूरच्या कारखान्यात होते. पहिल्या पाळीला सकाळी साडेसहाला स्कूटर निघायची. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतोच, नाशिकची पहाटही काही कमी नसते. म्हणून मी चारपदरी लोकरीचा, चांगला जाड स्वेटर विणला. तो आठवडाभर घालून बघायच्याही आधी, दुसऱ्याच दिवशी, यांनी विंडचीटर विकत आणला. मला तेव्हा लागलं होतं. पण खरी गोष्ट साधी आहे. विणलेल्या कापडाची ऊब टाक्याटाक्यांत अडकलेल्या हवेची असते. माणूस घरात किंवा अंगणात असेल तर ती हवा तिथेच राहते आणि ऊब धरते. स्कूटरवर समोरून वारा आला की तो टाक्यांमधून आरपार जातो आणि ती ऊब घेऊन जातो. दुचाकीवर जाणाऱ्या माणसाला नुसता स्वेटर पुरत नाही, वर वारा अडवणारं काहीतरी लागतं, आणि ते चढवायचं तर आत जाड वेण्यांचा स्वेटर मावत नाही. पातळ, बिनबाह्यांचा विणला असता तर विंडचीटरच्या आत रोज गेला असता. हे मी यांना विचारलंच नव्हतं.

नेव्ही ब्लू स्वेटर धाकट्याच्या शाळेचा. रंग गणवेशाशी जुळवायला मी तीन दुकानं हिंडले होते. पहिल्याच दिवशी वहीत शेरा आला: स्वेटर ठरवून दिलेल्या दुकानातलाच हवा. रंग तोच, गळा तोच, फरक फक्त दुकानाचा. मुलगा रडवेला होऊन घरी आला आणि मी निमूट पैसे मोजले. आज माझ्या नातवंडांच्या वयाच्या मुलांनाही हेच सोसावं लागतं असं आयांकडून ऐकते, तेव्हा संताप येतो. शाळेने रंग सांगावा, फार तर गळ्याचा आकार सांगावा. स्वेटर आईने विणला, आजीने विणला, की थोरल्या भावाचा उसवून केला, हे बघण्याचं शाळेला कारण नाही.

सूनबाईंसाठी विणलेलं मरून कार्डिगन तिच्या अंगाला टोचायचं. ती "सुरेख आहे" म्हणाली, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला पाच मिनिटं घातलं आणि घडी करून ठेवलं. डोंबिवलीच्या भावाला स्वेटर पाठवला होता, तो त्याने दोन वर्षांनी परत आणून दिला. डोंबिवलीत कुठली थंडी! नातीच्या जन्माआधी विणलेले तान्ह्या बाळाचे तीन सेट होते. ती जन्मली मे महिन्यात. डिसेंबर उजाडेपर्यंत ती सात महिन्यांची झाली आणि एकही झबलं डोक्यातून जाईना. बाळासाठी विणताना बाळंतपणाचा महिना न बघता थंडीचा महिना बघावा, तेव्हा बाळ केवढं असेल ते मोजावं. उरलेल्या दोन कपड्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

उसवण्याचं काम विणण्याहून सोपं आहे असं कुणी समजू नये. ते विणण्याइतकंच लक्ष मागतं, फक्त वेळ कमी घेतं. सगळ्यांत नाजूक काम म्हणजे काखेखालची शिवण उकलणं. ती त्याच लोकरीने घातलेली असते, त्यामुळे शिवणीचा धागा कुठला आणि विणीचा कुठला हे उजेडात बसून बघावं लागतं. कात्री चुकीच्या जागी लागली तर लोकरीचे तुकडे होतात. भाग सुटे झाले की जिथे टाके बंद केले होते त्या टोकाकडून, म्हणजे बहुतेक वेळा गळ्या-खांद्याकडून, उसवायचं. टाके जिथे घातले होते त्या खालच्या काठाकडून ओढलं तर धागा अडतो, सरळ सुटत नाही. हिरव्या स्वेटरची नुसती पाठ १२० टाक्यांची आणि दीडशे ओळींची होती, म्हणजे अठरा हजार टाके. माझ्या दहा संध्याकाळी गेल्या होत्या त्यात. उसवायला चाळीस मिनिटं लागली.

सुटलेली लोकर नागमोडी असते. नात बघायला आली होती, ती ओरडली, "आजी, मॅगी!" तशीच विणायला घेतली तर टाके वेडेवाकडे येतात आणि पहिल्या धुण्यातच कपड्याचं माप बदलतं. म्हणून पाटाभोवती गुंडाळून लडी करायची, चार जागी पांढऱ्या सुती दोऱ्याने सैल बांधायची (रंगीत दोरा नको, रंग लागतो), रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवायची, न चोळता, न पिळता. मग दांडीवर सावलीत टांगायची आणि खाली एखादं हलकं वजन अडकवायचं. मी उलथनं अडकवते. वाळली की लोकर सरळ होते आणि गुंडे करून ठेवता येते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी सगळं तोलून बघितलं: ४६० ग्रॅमच्या हिरव्या स्वेटरमधून ४४५ ग्रॅम लोकर परत मिळाली.

लोकर खरी की ॲक्रिलिक हे आठवत नसेल तर वीतभर तुकडा ताटलीत धरून जाळून बघावा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. हे कळलेलं बरं, कारण ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली की ते मऊ पडून लोंबतं आणि मूळपदावर येत नाही. आणि खरी लोकर गरम पाण्यात चोळली गेली असेल तर तिचे तंतू एकमेकांत गुंततात, नमदा होतो. मग तो कपडा उसवत नाही. ट्रंकेतला एक स्वेटर मला त्याच कारणाने सोडून द्यावा लागला. बाजारातले बरेच यंत्रावरचे स्वेटरही असे उसवता येत नाहीत, कारण ते कापडासारखे कापून शिवलेले असतात आणि दर ओळीला धागा तुटलेला असतो. एकसंध धागा परत हातात येणं हा हातविणीचा गुण आहे.

तो गुण किती मोलाचा आहे हे पानिपतकडे बघितलं की कळतं. आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. आजचं पानिपत जगभरातले टाकलेले लोकरी कपडे घेणारं गाव आहे. तिथे बायका परदेशी स्वेटरांची बटणं आणि चेन कापून काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. मग यंत्र ते कपडे फाडून त्यांचा कापसासारखा पिंजलेला ढीग करतं, त्याचं सूत कातलं जातं आणि स्वस्त घोंगड्या, ब्लँकेटं होतात. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बॅटली गावात १८१३ च्या सुमाराला निघालेली ही युक्ती. त्या ब्लँकेटांनी पुरात, भूकंपात कितीतरी माणसं उबेत झोपली आहेत, त्या कामाला मी नावं ठेवणार नाही. पण फाडल्यावर तंतू आखूड होतात आणि प्रत्येक फेरीला सूत आणखी कमजोर होतं. घरी उसवलेल्या लोकरीचा तंतू तुटत नाही. आणि एवढं करायला एक पाट, एक बादली आणि दोन दुपारी पुरतात.

आठवणीचं म्हणाल, तर ट्रंकेत आठवण सुरक्षित असते हाही गैरसमज आहे. अंधार, बंद जागा, कुणी न हलवलेल्या घड्या, हेच कसरीला हवं असतं. माझ्या नऊ कपड्यांपैकी दोनांची तिने चाळण केली होती, डांबरगोळ्या असूनही. जो स्वेटर रोज अंगात जातो, झटकला जातो, उन्हात पडतो, त्याला कसर लागत नाही. आई गेल्यावर तिच्या हातचा एक स्वेटर मी ठेवला. तो मी दर थंडीत घालते. एक पुरतो.

आणि "कुणाला तरी देऊन टाक" हा सल्लाही मला निम्माच मान्य आहे. माप जुळत असेल, घेणाऱ्याला हवा असेल, तर जरूर द्यावा. पण आपल्याला नको झालेलं गाठोडं बांधून कुठेतरी पोचवलं की आपण सुटतो, स्वेटर मात्र दुसऱ्या ट्रंकेत जातो. या वेळी मी आधी विचारलं. आमच्या गल्लीत घंटागाडीवर येणाऱ्या दोघी सकाळी सातच्या आत येतात. मी विचारलं, हातमोजे विणून देऊ का? त्या नको म्हणाल्या, कामात भिजतात. कान झाकायला काहीतरी हवं होतं त्यांना. एकीने मरून रंग मागितला, टोचणार नाही ना हेही विचारलं, म्हणून आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावलं. नेव्ही ब्लूतून नातवाची कानटोपी आणि मोजे झाले. हिरव्या लोकरीचा पातळ, बिनबाह्यांचा स्वेटर आता बारा नंबरच्या सुयांवर आहे. यांनी स्वतः उभं राहून माप दिलं, गळा कुठवर हवा ते बोटाने दाखवलं.

थंडी अजून आहे. आपल्या माळ्यावरची ट्रंक या रविवारी उतरवा, न घातलेला एक स्वेटर निवडा, ज्याच्यासाठी विणला होता त्याला कळवा, आणि काखेखालची शिवण उकला. नवे टाके घालण्याआधी ज्याच्यासाठी विणायचं त्याला विचारा, तू हे घालशील का, आणि कुठे?