मेंदूचा आघात, फुप्फुसाची जोखीम

अमेरिकेच्या आग्नेय भागातील काही राज्यांत पक्षाघाताने होणारे मृत्यू देशाच्या सरासरीहून अधिक आहेत. या भागाला ‘स्ट्रोक बेल्ट’, म्हणजे पक्षाघाताचा पट्टा, म्हणतात. नॉर्थ कॅरोलायना या पट्ट्यातच येते. तेथील कॅरी शहरात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक आहेत आणि त्यांचे वयस्कर आईवडील भारतातून मुक्कामाला येत असतात. त्यामुळे पक्षाघातानंतर शरीरात काय घडते, हे या घरांनी समजून घेणे गरजेचे आहे.

गुठळीमुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की त्याला ‘इस्केमिक स्ट्रोक’ म्हणतात. अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के पक्षाघात या प्रकारचे असतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे.

मरणाऱ्या पेशींतून सुटलेली द्रव्ये प्रतिकारशक्तीला जागे करतात. इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखी संदेशवाहक प्रथिने रक्तात वाढतात, पांढऱ्या पेशी मेंदूकडे धावतात आणि दाह सुरू होतो. या दाहामुळे मृत पेशींचा निचरा होतो. पण तो वाढला तर शेजारच्या जिवंत पेशीही होरपळतात.

म्हणून शरीर त्याला लगाम घालते. इंटरल्यूकिन-१० हे दाहशामक प्रथिन आणि ‘रेग्युलेटरी टी’ या नियंत्रक पेशी हे काम करतात. त्याच वेळी जखमी मेंदूकडून आलेल्या ताणाच्या संदेशांमुळे ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात. रक्तातील लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पेशी, कमी होतात.

हा लगाम मेंदूपुरता राहत नाही, साऱ्या शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. अशातच अनेक रुग्णांचे गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात. पाणी किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. दहापैकी सुमारे एका रुग्णाला तो गाठतो.

रक्तातील इंटरल्यूकिन-१० मोजून रुग्णाचे भवितव्य सांगता येईल का? काही अभ्यासांत ते कमी असलेल्या रुग्णांची प्रकृती सुरुवातीला अधिक ढासळली. काहींत ते जास्त असलेल्यांना संसर्ग अधिक झाले. म्हणजे ठाम उत्तर मिळत नाही. संसर्ग टाळण्यासाठी सर्वांना आधीच प्रतिजैविके देण्याचा मार्गही तपासून झाला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील मोठ्या चाचणीत त्याने रुग्णांची अंतिम स्थिती सुधारली नाही.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा : दाह शमवणे नेहमीच हिताचे नसते. तो केव्हा, कुठे आणि किती शमतो, यावर सारे अवलंबून असते. ‘दाहशामक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि काढे पक्षाघातावरचे उपचार नव्हेत.

कुटुंबाच्या हातात असलेल्या गोष्टी साध्या आहेत. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर लगेच ९११ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आपल्याकडे कोणी कोसळले की आधी तोंडाला पाणी लावले जाते. ते टाळा. गिळण्याची तपासणी होईपर्यंत चहा, पाणी, औषध काहीही देऊ नका आणि पुढचे काही दिवस ताप, खोकला व धाप यांवर बारीक लक्ष ठेवा.