दोन झटक्यांच्या मधला काळ

बायपोलर डिसऑर्डरमध्ये उन्माद आणि नैराश्य ही दोन टोके सर्वांना दिसतात. त्यांच्या मधला काळ मात्र सहसा कोणी तपासत नाही. मूड स्थिरावलेला असतो, झोप-भूक ताळ्यावर आलेली असते, गोळ्या वेळेवर चालू असतात आणि ‘आता बरे आहे’ एवढ्यावर विषय संपतो. या समजाचे मूळ जुने आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये गंभीर मनोविकारांचे दोन मोठे गट पाडले. आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्या गटात घसरण होत जाते आणि उन्माद-नैराश्याच्या विकारात झटका ओसरला की माणूस पूर्ववत होतो, अशी ती ढोबळ विभागणी होती. निदानाला तिचा मोठा उपयोग झाला. पण ‘पूर्ववत होतो’ हे विधान सरसकट खरे नाही, असे गेल्या दोन-तीन दशकांतील अभ्यास सांगतात. झटका नसतानाही अनेकांमध्ये दोन गोष्टी थोड्या कमी पडतात: माणसे ओळखणे आणि हालचालींचा मेळ राखणे.

माणसे ओळखणे म्हणजे समोरच्याच्या मनात काय चालले आहे याचा अदमास घेणे. मानसशास्त्रात याला सामाजिक आकलन म्हणतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांच्या चाचणीच्या २००१ च्या सुधारित आवृत्तीत फक्त डोळ्यांचा भाग दिसणारी ३६ छायाचित्रे आहेत. प्रत्येकासाठी चार शब्द दिलेले असतात आणि त्यांतून योग्य भावना निवडायची असते. दुसऱ्या प्रकारच्या चाचणीत सूचक बोलणे ऐकवून त्याचा रोख विचारतात. पाहुणा ‘फारच उकडतंय हो’ म्हणाला, तर तो हवामानाची बातमी देत नसतो, त्याला पंखा हवा असतो. मूड स्थिर असलेल्या बायपोलर व्यक्तींना राग, आनंद, भीती असे ठळक भाव ओळखताना थोडीच अडचण येते. जिथे न बोललेले ताडायचे असते, तिथे फरक वाढतो. गटाची सरासरी निरोगी लोकांपेक्षा खाली, पण स्किझोफ्रेनियाच्या गटापेक्षा वर राहते. मात्र ही सरासरी आहे. यातील कित्येक जण निरोगी माणसाइतकेच अचूक असतात, त्यामुळे निदानाच्या शिक्क्यावरून एखाद्याची समज ठरवणे सर्वस्वी चूक आहे.

सूचक बोलण्याला संस्कृतीचा संदर्भ असतो. परदेशी प्रसंगांवर बेतलेली चाचणी इथल्या माणसाला चुकीचे कमी गुण देऊ शकते. बेंगळुरूच्या निम्हान्समधील संशोधकांनी २०११ मध्ये ‘सॉक्रॅटिस’ ही भारतीय परिस्थितीला जुळणारी चाचणीमाला मांडली, ती यासाठीच.

हालचालींची तपासणी साधी असते. बोट नाकाला लावणे, टाच-चवडा जोडत सरळ रेषेत चालणे, किंवा मूठ, हाताची कड आणि तळवा हे तीन आकार ठरलेल्या क्रमाने टेबलावर पुन्हापुन्हा टेकवणे. ही तिसरी चाचणी रशियन मेंदूविज्ञानी अलेक्झांडर लुरिया यांच्या नावाशी जोडलेली आहे. क्रम चुकणे, अडखळणे, एका हाताबरोबर दुसराही नकळत हलणे ही मज्जासंस्थेची सौम्य चिन्हे मानली जातात. ती मेंदूतील एका विशिष्ट जागेकडे बोट दाखवत नाहीत, पण बायपोलर व्यक्तींमध्ये स्थिर काळातही ती निरोगी लोकांपेक्षा जास्त आढळतात.

ही दोन्ही न्यूने एकत्र का दिसतात, याचे एक संभाव्य उत्तर लहान मेंदूत आहे. पूर्वी तो केवळ तोल आणि हालचालींचा नियंत्रक मानला जाई. त्याला इजा झालेल्या रुग्णांत विचार आणि भावनांचे नियमनही बिघडते, हे जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शर्मन यांनी १९९८ मध्ये दाखवले. दुसरे उत्तर अधिक साधे आहे. मूठ-कड-तळवा हा क्रम लक्षात ठेवायला अवधान लागते आणि चार जणांच्या गप्पांचा धागा पकडायलाही तेच लागते. अवधान आणि मेंदूचा वेग मंदावला की दोन्हीकडे चुका होतात. एकामुळे दुसरे घडते, असे यावरून म्हणता येत नाही.

औषधांचा वाटा वेगळा काढणे सर्वांत अवघड आणि सर्वांत निकडीचे आहे. लिथियमने हातांना बारीक कंप येतो, व्हॅल्प्रोएटनेही येऊ शकतो. मनोविकृतीवरील काही औषधांनी अंग ताठरते. बारीक कंप त्रासदायक असला तरी बहुधा धोक्याचा नसतो. पण कंप ठळक झाला, चाल डळमळली, जीभ जड झाली, सोबत उलट्या-जुलाब सुरू झाले, तर रक्तातील लिथियम वाढल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लिटरमागे १.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वरची पातळी घातक ठरू शकते. उन्हाळ्यात घामावाटे शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले, किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतली, तरी ती चढते. नेहमीचा बारीक कंप खटकला म्हणून गोळी परस्पर बंद करणे हाही उपाय नव्हे. त्याने नवा झटका ओढवू शकतो.

घरात या सगळ्याला वेगळीच नावे पडतात. हातातून कप निसटला की धांदरट, सुनेचा पडलेला चेहरा लक्षात आला नाही की निष्ठुर, पाहुण्यांत गप्प बसला की माणूसघाणा. शुभार्थीच्या, म्हणजे रुग्णाच्या, आजारातील चुका त्याच्या स्वभावाच्या खाती जमा होतात आणि दमलेल्या शुभंकराचाही, म्हणजे त्याची काळजी घेणाऱ्याचाही, धीर सुटतो. हा अन्याय टळण्यासारखा आहे. बाह्यरुग्ण विभागात मूड आणि झोप विचारली जाते. त्याच बैठकीत लिहिणे, जिना उतरणे, दुचाकी चालवणे, लोकांत वावरणे कसे चालले आहे, हेही विचारता येते.

उपचारांची सुरुवात झालेली आहे. स्पेनमधील दहा केंद्रांत २३९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात आठवड्याला एक अशी २१ सत्रे घेऊन स्मरण, अवधान आणि दैनंदिन कामांचे नियोजन यांचा सराव करून घेतला. नेहमीच्या उपचारांपेक्षा या गटाचे रोजचे व्यवहार जास्त सुधारले; आजाराची माहिती देणाऱ्या गटसत्रांशी तुलना करता मात्र तितका ठळक फरक दिसला नाही. अशा सत्रांना महागडी यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते लागतात, आणि ती पदे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत आहेतच.