चार्जवरचा महासंचालक

आपल्याकडे सालगड्याचा करारसुद्धा पाडव्याला वर्षभराचा ठरतो. मग राज्याच्या पोलिसांचा प्रमुख महिनोन्‌महिने ‘चार्ज’वर का?

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सांगितले : लोकसेवा आयोगाने निवडलेल्या तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांतून महासंचालक नेमा, किमान दोन वर्षे ठेवा. ३ जुलै २०१८ ला पुन्हा बजावले : प्रभारी महासंचालक नेमूच नका. तरी २०२१ साली महाराष्ट्रात हे पद अतिरिक्त कार्यभारावर चालले. एप्रिलपासून संजय पांडे प्रभारी होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, सरकारला बोल बसले, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२२ मध्ये रजनीश सेठ यांची रीतसर नेमणूक झाली.

आमची तक्रार कोणा अधिकाऱ्याबद्दल नाही. सरकारच्या सोयीबद्दल आहे. सातव्या वेतन आयोगाने या पदाला महिना २,२५,००० रुपये मूळ पगार दिला. पण खुर्चीच पक्की नसेल तर साहेब मंत्रालयाकडे पाहूनच सही करणार.

कापसाचे पैसे बुडवून व्यापारी पळाला, बियाणे बोगस निघाले, की आपण ठाण्याची पायरी चढतो. रास्ता रोकोत पाठीवर काठीही त्याच ठाण्याची बसते. वरून येणारा हुकूम कायद्याचा की मर्जीचा, हा प्रश्न जामसंड्याच्या आंबेवाल्याचा तसाच यवतमाळच्या कोरडवाहूवाल्याचाही आहे.

आम्ही मेहेरबानी मागत नाही. कायद्याने नेमा, मुदत द्या, आणि मग जाब विचारा.