नंतर आठवण करा...

परवा बाबांच्या कॉम्प्युटरवर सहज डोकावलो, तर शेवटचा अपडेट चौदा महिन्यांपूर्वीचा! "अरे, तूच बंद करून दिलं होतंस ना?" बाबा शांतपणे म्हणाले.

खरंच की. पेन्शनचा फॉर्म अर्धा भरलेला असताना तो आपोआप रीस्टार्ट झाला होता, म्हणून वैतागून मीच ते थांबवलं आणि नंतर साफ विसरलो. बाबांचे बँकेचे सगळे व्यवहार याच कॉम्प्युटरवर चालतात.

"पण छान चालतोय की!" हे आपलं नेहमीचं उत्तर. गंमत अशी, की भोक असलेला कॉम्प्युटरही छानच चालतो. शिवाय दुरुस्ती जाहीर झाली, की भोक कुठे होतं हे चोरालाही कळतं. म्हणजे धोका खरा वाढतो तो दुरुस्ती आल्यापासून आपण ती बसवेपर्यंत.

वॉनाक्राय आठवतंय? मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली १४ मार्च २०१७ ला. हल्ला झाला १२ मे ला. मधे ५९ दिवस! ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. बळी पडलेले बहुतेक कॉम्प्युटर विंडोज ७ चे होते. म्हणजे औषध मिळालं होतं, फक्त घ्यायचं राहिलं होतं. आणि हा किडा कोणी क्लिक न करताही एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जात होता. आपल्या अंगणात साचलेल्या पाण्यातले डास शेजाऱ्यांनाही चावतात, तसंच हे.

आता कंपन्यांचंही चुकतंच. सुरक्षेच्या दुरुस्तीसोबत न मागितलेली नवी चिन्हं आणि जाहिराती गळ्यात मारल्या, तर लोक अपडेटलाच कंटाळणार. दुरुस्ती वेगळी द्या, सजावट वेगळी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्या रागापायी दार उघडं टाकून झोपणं शहाणपणाचं नाही.

असो. रविवारी सगळं अद्ययावत केलं. दोन तास लागले, तेवढ्यात दोनदा चहा झाला. बाबांच्या कामाच्या वेळात रीस्टार्ट होऊ नये, तेही सेटिंगमध्ये घातलं. पहिल्याच वेळी हे पाच मिनिटांत झालं असतं.

तुमच्या आईबाबांचा कॉम्प्युटर शेवटचा कधी पाहिलात, मंडळी?