गायकाचे नाव, चित्रकाराची सही

१/११
धंतोली आज नागपूरकरांना रुग्णालयांची वस्ती म्हणून ठाऊक आहे. इतिहासप्रेमी मात्र येथून कोणत्याही दिशेला निघाला तरी भूतकाळात पोहोचतो. शेजारी १८१७ च्या लढाईची सीताबर्डी, जवळच दीक्षाभूमी, पलीकडे सिव्हिल लाइन्समध्ये १८६३ पासूनचा ‘अजब बंगला’, म्हणजेच मध्यवर्ती संग्रहालय. या नगराचा पाया घातला तो देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, अठराव्या शतकाच्या आरंभी. त्या राजाचे नाव येथील मुलांना पाठ असते. आज हयात असलेल्या एका तरी गोंड चित्रकाराचे नाव त्यांना सांगता येते का? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/११
आरंभ एका ग्रंथापासून करावा लागेल. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश धर्मोपदेशक नागपुरात राहत असे. येथील हिस्लॉप महाविद्यालय त्याच्याच नावाचे. मध्य प्रांतातील आदिवासींविषयी त्याने विपुल टिपणे जमवली. १८६३ साली त्याचा मृत्यू झाला आणि ती टिपणे रिचर्ड टेंपलने संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. गोंडांच्या लिंगोचे दीर्घ गीत त्यात आहे. ते मुळात परधान गायकाच्या मुखातले. शीर्षकपृष्ठावर हिस्लॉप आहे, टेंपल आहे, गायक नाही.

३/११
परधान म्हणजे गोंड समाजाचे परंपरागत गायक. बाना हे तंतुवाद्य वाजवत यजमानाच्या घरी जायचे, बडा देवाला आवाहन करायचे, कुळाची आणि राजांची गाथा गायची, हे त्यांचे काम. ज्या समाजाने शतकानुशतके इतरांची नावे जपली, त्याच्याच गायकाचे नाव ग्रंथात उतरले नाही. त्या काळच्या संकलनाची ही रीतच होती: गाणे ‘जमातीचे’, संग्रह मात्र साहेबाचा.

४/११
आता विसावे शतक. १९३९ साली मंडला जिल्ह्यातून आलेला एक तरुण नागपूरच्या कलाशाळेत दाखल झाला. पुढे तो मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि तेथून पॅरिसला गेला. तो सय्यद हैदर रझा. त्याला ‘आधुनिक भारतीय चित्रकार’ म्हणण्यात कोणालाही अडचण वाटली नाही. त्याच मंडल्याच्या परिसरात, पाटणगढ या खेड्यात, जनगढ सिंह श्याम हा परधान मुलगा वाढला. भोपाळच्या भारत भवनासाठी जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासी कलेचा शोध मांडला होता. त्या शोधात जनगढची भित्तिचित्रे सापडली. १९८२ मध्ये भारत भवन उघडले, तेव्हा स्वामीनाथन यांनी शहरी आणि आदिवासी कला एकाच छताखाली ठेवल्या. आज जिवंत असलेला, आज चित्र काढणारा माणूस ‘समकालीन’ नाही तर कोण, हा त्यामागचा साधा विचार होता.

५/११
जनगढने देवादिकांना आणि प्राण्यांना कागदावर आणले. १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात झळकली; २००१ साली जपानमध्ये त्याचा अकाली अंत झाला. त्याच्या भोवती आप्तेष्टांची एक पिढीच तयार झाली होती. त्या पिढीत एक अलिखित शिस्त आहे: आकृती भरण्याची प्रत्येकाची रीत निराळी. कोणाचे ठिपके, कोणाच्या कंगव्यासारख्या रेषा, कोणाची साखळी. जाणकार माणूस ती भरणी पाहूनच चित्रकार ओळखतो. म्हणजेच बाजारात ज्याला सरसकट ‘गोंड पॅटर्न’ म्हणतात, ती पुष्कळदा कोणातरी एका व्यक्तीची सही असते.

६/११
ही पिढी चित्र-पुस्तकांकडे वळली आणि तेथे तिने इतिहासालाच उत्तर दिले. भज्जू श्याम लंडनला एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेला. परतल्यावर ‘द लंडन जंगल बुक’ हे पुस्तक झाले (तारा बुक्स, २००४). त्यात लंडनचे घड्याळ कोंबडा होते आणि ३० क्रमांकाची बस इमानी कुत्रा होते. शीर्षकातला टोला नागपूरकरांना अधिक कळावा. किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मधले अरण्य म्हणजे नागपूर-जबलपूर वाटेवरचे सिवनी, गोंडांचा मुलूख. तेथे किपलिंग स्वतः कधी गेला नव्हता. भज्जू मात्र लंडन डोळ्यांनी पाहून आला.

७/११
दुसरे पुस्तक दीक्षाभूमीच्या शहराला त्याहून जवळचे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी चितारलेले ‘भीमायन’ (नवयान, २०११). पाणी, निवारा आणि प्रवास या तीन गोष्टींत अस्पृश्यतेने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची वाट कशी अडवली, याची ही चित्रकथा आहे. पात्रांना चौकटीत कोंडायचे नाही, असे या दोघांनी आधीच ठरवले; चौकटींमुळे पात्रे गुदमरतात, आपली कला मोकळ्या जागेची आहे, अशी त्यांची भूमिका होती. मग पाने विभागली ती दिग्न्याच्या, म्हणजे घराच्या भिंती-अंगणावर काढल्या जाणाऱ्या पारंपरिक नक्षीच्या, वळणदार पट्ट्यांनी. मृदू बोलांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे झाले. विषारी शब्दांच्या फुग्यांना विंचवाची नांगी आली.

८/११
येथे प्रेरणा म्हणजे काय, हे स्वच्छ दिसते. व्याम दांपत्याने परदेशी कॉमिक्सची मांडणी उचलली नाही आणि भिंतीवरचा दिग्नाही जसाच्या तसा कागदावर ठेवला नाही. ‘शब्दांनी इजा होते’ हे आपल्या गावात कशासारखे दिसेल, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर विंचू मिळाले. नागपूरचा जो तरुण उद्या बख्त बुलंदावर वा सीताबर्डीच्या लढाईवर चित्रकथा काढू पाहील, त्याने विंचू उचलू नये. तो प्रश्न उचलावा.

९/११
प्रत्यक्षात उलटे घडते. उड्डाणपुलांच्या खांबांवर, कुर्त्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर ठिपक्यांची हरणे दिसतात आणि खाली नाव नसते. फार तर ‘आदिवासी कला’ असे लिहिलेले असते. १८६६ च्या त्या शीर्षकपृष्ठाचीच ही पुनरावृत्ती, फरक इतकाच की आता विसरणारे आपण आहोत.

१०/११
यावर एक आक्षेप घेतला जातो: परंपरा सर्वांची असते, मग नावाचा आग्रह कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मोर, मोहाचे झाड, दिग्न्याची मूळ नक्षी ही कोणा एकाची मालमत्ता नाही. पण विशिष्ट रचना आणि विशिष्ट भरणी माणसाची असते. १९५७ चा कॉपीराइट कायदाही मौलिक चित्रकृतीवरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे मान्य करतो. रझाच्या बिंदूची नक्कल करून ती ‘शहरी कला’ म्हणून विकली, तर ते कोणी खपवून घेणार नाही. तोच न्याय भज्जू श्याम (पद्मश्री, २०१८) आणि दुर्गाबाई व्याम (पद्मश्री, २०२२) यांना लागू व्हायला हवा.

११/११
इतिहासाच्या अभ्यासकाचे पहिले काम साधन कोणाचे, केव्हाचे आणि कोठले हे नोंदवणे. शिलालेखाला, बखरीला तो ही शिस्त लावतो, चित्र-पुस्तकालाही लावावी. धंतोलीतल्या एखाद्या मुलाने वहीत गोंड शैलीतले झाड काढले, तर ती आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र ज्याचे झाड पाहून ते सुचले, त्याचे नाव त्याने खाली लिहावे आणि पानांची भरणी स्वतःची शोधावी. लिंगोचे गीत गाणाऱ्या त्या परधानाचे नाव शीर्षकपृष्ठावर आता येणार नाही. त्याच्या वंशजांची नावे मात्र आज मुखपृष्ठांवर छापलेली आहेत. ती वाचायला फार कष्ट पडत नाहीत.