सीटखालचा ट्रे आणि ग्लव्ह बॉक्समागचं झाकण

नवा मोबाइल घेतला की पहिल्या रात्री आपण झोपत नाही. सगळी सेटिंग्ज उघडून बघतो, रिंगटोन बदलतो, कॅमेऱ्याचे मोड ट्राय करतो. आणि गाडी? नारळ फुटतो, हार चढतो, चाकाखाली लिंबं ठेवली जातात, सोसायटीत पेढे वाटले जातात... आणि ओनर्स मॅन्युअल नावाचं ते जाडजूड पुस्तक इन्शुरन्सच्या कागदांखाली जे झोपी जातं, ते पंधरा वर्षं कूस बदलत नाही. गाडी बाबांची असेल तर विचारूच नका. बाबांना गाडी चालवता येते ना, मग पुस्तक कशाला?

पण होतं काय, की पंधरा वर्षांनी तीच गाडी आपल्याकडे येते. बाबांचे गुडघे कुरकुरायला लागलेले असतात, त्यांना क्लच नको झालेला असतो. आपण हिंजवडी नाहीतर ऐरोलीला बाइकवर धूळ खाऊन वैतागलेले. किल्ली हातात पडते आणि त्याच आठवड्यात चारी बाजूंनी सल्ले सुरू. ‘‘अरे विकून टाक! एक्स्चेंज बोनस मिळतोय. पंधरा हजारांचा ईएमआय, त्यात काय एवढं?’’

सल्ल्यांना कारणही असतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. २०११मध्ये नंबर मिळालेल्या गाडीची ती मुदत २०२६मध्ये संपते. पुढे चालवायची तर आरटीओत नेऊन पासिंग करायचं, पर्यावरण कर भरायचा, मग पाच वर्षांचं एक्स्टेन्शन. एप्रिल २०२२पासून कारची ही रिन्युअल फी ६०० रुपयांवरून थेट ५००० झाली. म्हणजे ‘असू दे दारात उभी’ हा ऑप्शन आता फुकटचा राहिलेला नाही. ठेवायची की काढायची, हे ठरवावंच लागतं.

ठरवा की! पण आपल्याकडे नक्की काय आहे हे बघितल्याशिवाय कसं ठरवणार? एक रविवार सकाळ त्या गाडीला द्या. हातात चहा, मांडीवर मॅन्युअल.

आधी गमतीजमती. घरात जुनी वॅगन आर असेल तर ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली हात घालून बघा. बऱ्याच व्हेरिएंट्समध्ये तिथे एक ट्रे असतो, ओढला की बाहेर येतो. चपला, छत्री, ऑफिसचे बूट, सगळं बसतं. मी अशी माणसं बघितली आहेत ज्यांना हा ट्रे गाडी विकताना, गिऱ्हाइकानं ओढून दाखवल्यावर कळला.

पेट्रोलच्या काट्याशेजारी पंपाचं चित्र असतं, त्याला चिकटून एक छोटासा त्रिकोण दिसला तर तो टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. दुसऱ्याची गाडी घेऊन पंपावर गेलात तर जाम उपयोगी. ही आयडिया फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन नावाच्या इंजिनीअरची. १९८६मध्ये भर पावसात त्यानं कंपनीची गाडी पंपावर चुकीच्या बाजूनं लावली, भिजला आणि परत येऊन साहेबांना सजेशन लिहून दिलं. काही जुन्या गाड्यांत हा त्रिकोण नसतो. मग पंपाच्या चित्रातली नळी ज्या बाजूला त्या बाजूला झाकण, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, त्या नळीचा आणि झाकणाचा काही संबंध नसतो. हेडरेस्ट काढता येतो तो बुडत्या गाडीची काच फोडण्यासाठी, या फॉरवर्डचीही तीच गत. हेडरेस्ट असतो मागून धडक बसली तर मान वाचावी म्हणून. त्याचा वरचा भाग डोक्याच्या उंचीला यायला हवा, आणि तो तसा कुणीच लावलेला नसतो!

आतल्या आरशाखालची छोटी पट्टी ओढली की मागच्या गाडीचा अप्पर डोळ्यांत घुसत नाही. बंपरवरच्या चौकोनी झाकणामागे आटे असतील, तर टो करायचा हुक टूलकिटमध्ये असतो. बोल्टसारखा फिरवून बसवायचा. एक्स्प्रेसवेवर गाडी बंद पडल्यावर हे कळण्यापेक्षा आज पार्किंगमध्ये कळलेलं बरं.

आता पैसे वाचवणारी गोष्ट.

माझी एक मैत्रीण सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. तिच्याकडे बाबांची २०११ची स्विफ्ट आली. पेट्रोल, इंजिन ठणठणीत, पण एसी चालेना. गॅरेजवाले काका म्हणाले, ‘‘ताई, कूलिंग कॉइल गेली. अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल. पंधरा हजार धरून चला.’’ घरी सगळ्यांनी एकमतानं ठराव पास केला : विका.

पण बाईसाहेब पडल्या टेस्टर. ‘एसी चालत नाही’ हा काय बग रिपोर्ट झाला? तिनं नीट बघितलं. ब्लोअर चारवर ठेवला की आवाज भरपूर, हवा मात्र फुंकर मारल्यासारखी. पण जी काही येत होती ती गारेगार होती!

इथे सगळी मेख आहे. हवा भरपूर येते पण गार नाही, हा एक आजार. त्यात गॅस कमी झालेला असतो, कुठेतरी गळती असते, नाहीतर कॉम्प्रेसर किंवा फॅनची भानगड असते. आणि हवा गार आहे पण येतच नाही, हा वेगळाच आजार. त्यात गार करणारी यंत्रणा आपलं काम करत असते, हवेचा रस्ता तुंबलेला असतो. पहिल्या आजाराचं औषध दुसऱ्याला दिलं की बिल होतं, आराम पडत नाही.

मॅन्युअल वाचून तिनं ग्लव्ह बॉक्स उघडला, दोन्ही बाजू आत दाबल्या, तो खाली लोंबकळला. मागे काळी प्लॅस्टिकची पेटी आणि तिच्यावर एक आयताकृती बंद पट्टी. त्या काळच्या कित्येक हॅचबॅक्समध्ये एसीच्या फिल्टरची जागा केलेली असायची, पण फिल्टर बसवलेलाच नसायचा. कॉस्ट कटिंग, दुसरं काय! वर प्लॅस्टिकचं झाकण ठोकलेलं. म्हणजे पंधरा वर्षं पुण्याच्या रस्त्यावरची धूळ थेट कूलिंग कॉइलवर. कॉइलच्या पातळ पत्र्यांवर पाणी जमतं, त्या ओल्यावर धूळ बसते आणि हळूहळू तिचं चक्क ब्लँकेट तयार होतं. तिनं एका एसीवाल्या दादांना घरी बोलावलं. त्यांनी झाकण कटरनं कापलं, बॅटरी मारून आत दाखवलं, मऊ ब्रशनं धूळ काढली, फेसाचा स्प्रे मारला. फेस विरघळून एसीच्या पाण्याच्या नळीतून खाली ठिबकला, काळाकुट्ट. मग नवा फिल्टर सरकवला. फिल्टर तीन-चारशेचा, सगळं मिळून दीड हजाराच्या आत. आणि डॅशबोर्डचा एक स्क्रूही न हलवता.

काका लबाड होते का? मला नाही वाटत. ‘एसी चालत नाही’ एवढंच ऐकून, रांगेत आठ गाड्या उभ्या असताना, ते जे सांगतील तेच त्यांनी सांगितलं. पुढच्या महिन्यात ती क्लच प्लेट बदलायला त्यांच्याकडेच गेली. फरक इतकाच, की या वेळी ती ‘पिकअप नाही’ म्हणाली नाही. ‘‘काका, चौथ्या गिअरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, स्पीड वाढत नाही,’’ असं म्हणाली. क्लच घसरतोय हे सांगायला याहून चांगली भाषा नाही. पार्ट नाना पेठेतून ओरिजिनल बॉक्समधला आणून दिला, मजुरी आधी ठरवली.

एसीची ती पाण्याची नळी लक्षात ठेवा. पावसाळ्यात बाजूच्या सीटपुढचं मॅट ओलं व्हायला लागलं की आपण दरवाजाच्या रबराला दोष देतो. बरेचदा ही नळी कचऱ्यानं बंद झालेली असते आणि पाणी बाहेर पडण्याऐवजी आत सांडतं. वायपरखालच्या जाळीतही झाडाची पानं अडकतात, तिथलं पाणीही मग वाट काढतं. दरवाजांच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, ती काही कंपनीची चूक नाही. काचेवरून दरवाजात उतरलेलं पाणी तिथून निघून जातं. टेफ्लॉन कोटिंगच्या नादात नाहीतर चिखलानं ती बुजली की दरवाजा आतून गंजतो. मुंबई-कोकणातल्या गाड्यांना तर हे आधी बघा. इंजिन पुन्हा बांधता येतं, पण सडलेल्या पत्र्याचं काही खरं नसतं. पासिंगच्या आधी मी कुठलाही खर्च करायच्या अगोदर गाडी रॅम्पवर चढवून खालचा पत्रा बघेन.

फ्यूज बॉक्सचं झाकणही एकदा उघडाच. आतल्या बाजूला नकाशा असतो, कुठला फ्यूज कशाचा ते. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. चार्जरचं सॉकेट किंवा हॉर्न अचानक गेला की आधी हा बघायचा, दहा-वीस रुपयांचं काम असतं. मात्र सारखा उडतो म्हणून पंधराच्या जागी तीसचा हिरवा ठोकणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. फ्यूज उडतो म्हणून वायर वाचते. फ्यूज वाचवलात तर वायर जळते.

‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला तर स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट शोधा. त्यात हजारभर रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड दिसतो. २०१३नंतरच्या गाड्यांत हे बहुतेक चालतंच, त्याआधीच्या गाड्यांत लावून बघावं लागतं. पण कोड पार्टचं नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, बस्स. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा. कोड पुसून गाडी फिरवा. आता पी०३०२ आला, तर कॉइलच गेली. पहिल्यावरच अडून बसला, तर प्लग किंवा इंजेक्टर बघा. एक पैसा खर्च न करता निम्मं निदान!

पेट्रोलचाही विषय आहे. एप्रिल २०२३पासून नव्या गाड्या २० टक्के इथेनॉल चालेल अशा बनू लागल्या. आपली जुनी तशी नाही. अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रबर. पेट्रोलच्या पाइपचे रबरी तुकडे, सील, गॅस्केट यांना दर सर्व्हिसिंगला हात लावून बघायला सांगा. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ चालणार नाही. त्याच दिवशी गॅरेज.

आता जे दुरुस्त होत नाही त्याबद्दल. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९पासून सक्तीची झाली. एबीएसही त्याच सुमारास. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत दोन्ही नाहीत, आणि ती बाजारातून आणून बसवायची गोष्ट नाही. अशा गाडीतून मी रोज ऑफिसला जाईन, आईला भाजी आणायला नेईन. रात्री एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वर, मागे लहान मूल घेऊन? अजिबात नाही. रोजचा एक्स्प्रेसवे असेल तर तो ईएमआय खुशाल बसवून घ्या. मैत्रिणीचा रूट कोथरूड ते हिंजवडी, जिथे सिग्नल तिसरा गिअर टाकू देत नाहीत. तिनं गाडी ठेवली.

आरटीओला नेण्याआधी तिनं शेवटी टायर बघितले. टायरच्या भिंतीवर डीओटीनं सुरू होणारी अक्षरं असतात, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत दिसली तरी टायर बदला, असं अनेक टायर कंपन्या सांगतात, कारण रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. तिचे चारही टायर तरुण निघाले. मग डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनी बाहेर काढली. नक्षी कोरी करकरीत, केसांसारखी रबरी टोकंही जागच्या जागी आणि आकडे १४११. बिचारा पंधरा वर्षांत एकदाही रस्त्यावर न उतरता रि‘टायर’ झाला.