पाटाकडेने चालताना

परवा नाशिकला काम होतं. पेठरोडवर उतरलो आणि गंगापूर डाव्या कालव्याच्या कडेने मखमलाबादच्या दिशेने निवांत चालत गेलो. पाट भरून वाहत होता. कानात गाणी घालून लोक फिरत होते. छान वाटलं, खोटं कशाला बोलू!

पण डोक्यात आपला पेठ तालुका. नाशिक शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस आपल्याकडे पडतो. सावळघाट उतरला की पाण्याचा उतार पश्चिमेला. दमणगंगा, पार नद्यांतून ते गुजरातकडे आणि समुद्राला जातं. उन्हाळ्यात मात्र पाड्यांवर टँकर. पाण्यासाठी आपल्या बायाही रोज चालतात, डोक्यावर हंडे घेऊन. त्याला कुणी मॉर्निंग वॉक म्हणत नाही.

आता दमणगंगा-एकदरे-गोदावरी नदीजोड. एकदरे आपल्याच तालुक्यातलं, पाणी जाणार गोदावरी खोऱ्यात. न्या बापहो, शहरालाही तहान आहे. पण आधी आमच्या पाड्यांवरचे झरे बांधून द्या, पाझर तलावांचा गाळ काढा, गळके बंधारे दुरुस्त करा. त्याला बोगदे लागत नाहीत.

येत्या ग्रामसभेत हा ठराव प्रत्येक गावाने मांडावा. आपल्या उशाचं पाणी आधी आपल्या हंड्यात पडू द्या.